टाचणीची चार मिनिटं

सन्माननीय अध्यक्ष महोदय. ज्यांच्या परवान्यावर आपल्या स्पर्धा भरतात त्या खेळ-कंपनीच्या परवाना विभागाच्या प्रमुख मॅडम. आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आपले कपाटकाका. त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या काकू. माझे सहकारी, खेळाडू, समालोचक मंडळी. आणि तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसलेल्या शिवणकामवाल्या ताई, ज्यांना मी स्वतः फोन करून बोलावलं. सर्वांना माझा मनःपूर्वक नमस्कार.

संस्थेचा संचालक म्हणून मला दहा मिनिटं दिलेली आहेत. भाषण दोन पानांचं लिहिलंय आणि आपल्या वकीलसाहेबांनी ते तपासून दिलंय. वकीलसाहेब, ते खिशातच राहणार आहे. तुम्ही पाणी पिऊन घ्या.

काका अकरा वर्षांपूर्वी आपल्याकडे आले. त्याआधी ते एका टीव्ही केंद्रात टेपांचं भांडार सांभाळायचे. आपल्याकडे पोरं कॉम्प्युटरवर गेम खेळतात, आपण त्यांचे सामने भरवतो आणि लोकांना दाखवतो. या माणसाला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "सामने ठेवता कुठे?" मी म्हटलं, "कुठे म्हणजे? इंटरनेटवर." ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी म्हणालो की लहान मूल रस्त्यावर ठेवतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी लोखंडी कपाट आणवलं. तेव्हापासून प्रत्येक सामन्याच्या दोन प्रती, प्रत्येक डिस्कवर चिठ्ठी, आणि शिवाय हातानं लिहिलेली वही. कितव्या मिनिटाला काय झालं, कोण बोललं, आवाज कसा होता, सगळं त्यात. आपली पोरं चिडवायची, "काका, यंत्रात सगळं आहे की." काका म्हणायचे, "यंत्रात आहे रे. पण यंत्रात काय शोधायचं, ते वहीत आहे." एकदा मी घाईत एक डिस्क मागितली, तर या गृहस्थांनी मला, संचालकाला, आधी रजिस्टरवर सही करायला लावली. मी वैतागलो होतो. सहीचा विषय निघालाय तो लक्षात ठेवा, मी परत त्याच्याकडे येणार आहे.

आता थोडं भांडणाबद्दल. तेही आज बोलायचं नाही असं ठरलंय, म्हणून थोडंच बोलतो. चेंडू घेऊन मैदानात सामना खेळलात तर त्या खेळाचा मालक कोण? कुणीच नाही. आपला खेळ तसा नाही. तो कुणीतरी बनवलेला असतो, आणि पडद्यावर दिसणारी प्रत्येक भिंत, प्रत्येक टोपी त्याच्या मालकीची असते. आपण सुरुवात केली तेव्हा तो खेळ बनवणारे सहा जण होते, दोन खोल्यांत बसायचे. आम्ही विचारलं, तुमच्या खेळाचे सामने भरवू का, लोकांना दाखवू का? एका ओळीचं उत्तर आलं: "खुशाल दाखवा, लोकांना कळू तरी दे." त्या एका ओळीवर आपण आठ वर्षं काढली. कागद केला नाही. कोण करतो? मैत्रीत कागद मागितला तर वाईट दिसतं.

पुढे त्या सहा जणांनी खेळ मोठ्या कंपनीला विकला. कंपनीला स्वतःची स्पर्धा काढायची होती. त्यांनी कळवलं की प्रक्षेपणाचे हक्क आमचे. पुढचेही आणि मागचेही. मॅडम, तुम्ही तेव्हा या पदावर नव्हता, आणि मी तुमच्या कंपनीला खलनायक करायला उभा राहिलेलो नाही. खेळ तुमचा होता, हे खरंच आहे. पण त्या खेळात जीव ओतणारी पोरं आमच्याकडे घडली, हेही तितकंच खरं. दोन खरी एका टेबलावर आली की जे होतं तेच झालं. वकील आले.

कंपनीनं आमच्याकडे मागच्या तीन वर्षांच्या प्रक्षेपणांची यादी मागितली. फक्त तीन वर्षांची. काका मला म्हणाले, "साहेब, मागितलीय तेवढीच देऊ या." मी काय म्हणालो? मी म्हणालो, "सगळी द्या. पहिल्या दिवसापासूनची. आपण काय काम केलंय ते कळू दे त्यांना." मला वाटलं, एवढं सगळं बघून त्यांना आपला आदर वाटेल. अहो, आपण माणसं सामने भरवणारी. आपल्याला वाटतं, प्रेक्षक समोर बसला की टाळी वाजणारच. काकांनी तारीखवार यादी करून दिली. तीन हजार एकशे बारा सामने, प्रत्येकापुढे तो कुठे सापडेल त्याचा पत्ता. कंपनीच्या वकिलांनी तीच यादी दाव्याला जोडली, 'परिशिष्ट क' म्हणून. काय काय नष्ट करायचं, त्याची तयार यादी आम्हीच त्यांना दिली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ऑफिसात बभ्रा झाला की काकांनी अतिशहाणपणा केला. मागितलं एक, दिलं दहा. कँटीनमध्ये लोक त्यांच्या टेबलावर बसेनात. मी काय केलं? तोंडात मूग धरले. तीन वर्षं धरले. मंडळी, ती यादी पाठवायला मी सांगितलं होतं. आज निरोपाच्या दिवशी सांगतोय, म्हणजे किती उशिरा सांगतोय, ते मला कळतं.

पण मी ताईंना बोलावलं ते यासाठी नाही.

ताईंच्या मुलीला तुम्ही सगळे ओळखत होता. टाचणी. आई शिवणकाम करायची, म्हणून पोरीच्या कॉलरला कायम एक टाचणी खोचलेली असायची; तेच नाव पडलं. अंगानं काडी, पण खेळायला बसली की समोरच्या पाच जणांना घाम फोडायची. शेवटची स्पर्धा जिंकली आणि दोन महिन्यांत आजारानं गेली. एकोणीस वर्षांची होती. ताईंना खेळातलं काही कळत नाही. तरी दर रविवारी त्या मोबाइलवर तिचा शेवटचा सामना लावायच्या. मला एकदा विचारलं होतं, "निळ्या टोपीची आपली ना?" आणि सामन्यानंतरची चार मिनिटांची मुलाखत, ती तर पुन्हा पुन्हा. फोटो घरात पुष्कळ आहेत हो. आवाज तेवढा एकाच ठिकाणी होता.

आता आपली एक पद्धत आहे, ती मीच पाडलेली: विजेत्याची मुलाखत मोठ्या पडद्यासमोर घ्यायची आणि पडद्यावर नुकताच झालेला सामना चालू ठेवायचा. दिसायला झोकदार दिसतं. त्या झोकापायी टाचणीच्या चार मिनिटांत तिच्या पाठीमागे खेळ चालू राहिला आणि ती मुलाखतही कंपनीच्या हक्कात गेली.

शेवटी तडजोड ठरली: जुन्या सामन्यांच्या सगळ्या प्रती आम्ही नष्ट करायच्या, बदल्यात पुढच्या स्पर्धांचा परवाना मिळणार. तिच्यावर सह्या व्हायच्या आदल्या दिवशी काका माझ्या खोलीत आले. हातात एक पत्र होतं, कंपनीला लिहिलेलं. पाचच ओळी. एका दिवंगत खेळाडूच्या आईसाठी चार मिनिटांची मुलाखत राखून ठेवायची परवानगी मिळावी, कुठेही दाखवणार नाही, एवढंच. खाली माझ्या सहीची जागा सोडलेली. मी म्हणालो, "काका, झालेलं मोडायला नको. आता नवीन फाटा नको." ते म्हणाले, "साहेब, विचारून तर बघू." मी म्हणालो, "नको म्हटलं ना." त्यांनी पत्राची घडी घातली आणि गेले. बेचाळीस माणसांच्या नोकऱ्या त्या तडजोडीवर होत्या. हे कारण खरं आहे. मी स्वतःला तीन वर्षं तेच सांगतोय. पण एक सही करायला वेळ तो किती लागतो?

मग दोन दिवस डिस्कांना ड्रिलनं भोकं पाडली. माणूस बाहेरून बोलवणार होतो. काका म्हणाले, "मी ठेवल्यात, मीच काढतो." टाचणीची डिस्क त्यांनी शेवटपर्यंत बाजूला ठेवली होती. ती उचलली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलमध्ये बघत होतो. मोबाइलमध्ये काहीही नव्हतं.

ताई, ती मुलाखत इंटरनेटवरून निघाल्यापासून तुम्ही दर महिन्याला फोन करून विचारायचात, "परवानगी आली का हो?" मी सांगायचो, कंपनी नाही म्हणते. तुम्ही म्हणायचात, "मोठी माणसं, त्यांना काय कळणार." ताई, कंपनी नाही म्हणाली नव्हती. कंपनीला कुणी विचारलंच नव्हतं. मॅडम, तुम्ही आत्ता माझ्याकडे अशा बघताय, त्याचं कारण तेच आहे. ते पत्र तुमच्या दारापर्यंत आलंच नाही. कदाचित तुमच्या लोकांनी हो म्हटलं असतं. ते आता कुणालाच कळणार नाही.

काकांना सगळं माहीत होतं. यादी कुणी पाठवायला लावली ते, आणि पत्र का गेलं नाही तेही. एका शब्दानं बोलले नाहीत. काकू, तुमच्याजवळ तरी बोलले का? नाही ना? काकू मान हलवताहेत. मलाही तेच वाटलं होतं.

काल काकांनी मला कपाटाची किल्ली परत दिली. अकरा वर्षं शर्टाच्या आतल्या खिशात असलेली किल्ली. ते गेल्यावर मी कपाट उघडलं. वरचे चार कप्पे रिकामे. खालच्या कप्प्यात वह्या. तडजोडीत चित्रं म्हटलंय, ध्वनी म्हटलंय, प्रती म्हटलंय. वह्यांची कुणाला आठवणच झाली नाही. वकीलसाहेब, खुणा करू नका, मला दिसताय तुम्ही. मी आयुष्यात पहिल्यांदा काकांची वही उघडून वाचली. त्यातलं एक पान वाचतो आणि थांबतो.

"बावन्न मिनिटं दहा सेकंद. मुलाखत सुरू. टाचणी माइक उलटा धरते. हशा. बावन्न चाळीस. प्रश्न, कसं वाटतंय? उत्तर, भूक लागलीय. त्रेपन्न पाच. कॅमेऱ्याकडे बघून, 'आई, मशीनवरून ऊठ आता, डोळे दुखतील तुझे.' त्रेपन्न तीस. खोकला. पाणी दिलं. चोपन्न. प्रश्न, पुढच्या वर्षी येणार का? उत्तर, 'येणार की. जाणार कुठे?' हसते. छपन्न दहा. संपलं. आवाज स्वच्छ."

एवढंच आहे.

काका, सत्कारात तुम्हाला घड्याळ दिलं. घड्याळ काय, कुणीही देतं. तुमचं जे नाव मी खराब केलं, ते या सभागृहासमोर परत करतो. उद्यापासून कँटीनमध्ये तुम्ही नसाल, म्हणजे तेही उपयोगाचं नाही. तरी घ्या. अध्यक्ष महोदय, संयोजक आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. वेळ जास्त घेतला, बोलण्यात काही उणंअधिक झालं, ते सभागृहानं मोठ्या मनानं सोडून द्यावं.

ताई, तुमच्याकडे मात्र मी माफी मागत नाही. तुम्ही भल्या आहात, लगेच देऊन टाकाल. काका, ही वही तुमच्या हातानं त्यांना नेऊन द्या. रजिस्टर मी आणलंय, सही मी करतो.