चार हात आणि एक कुलूप

...आणि किल्ली एवढीशी करायचीच कशाला, मला सांगा ना! कुलूप कसं धष्टपुष्ट, आणि किल्ली? कानातल्या डुलाएवढी! मी शिंपी माणूस, तीस वर्षं लोकांच्या सदऱ्यांना काजं केली, आणि आता स्वतःचं एक बटण लावेपर्यंत चहा गार होतो. नसांचा आजार, वडिलांकडून आलेला. घर नाही, जमीन नाही, दिल्या काय तर नसा! तुम्हाला सांगतो, हात आहेत, पण हातात नाहीत.

तर काल दुपारी दुकान बंद करून जिना चढलो. पायही त्याच खानदानातले, धापा टाकत, कठडा धरधरून... दुपार अशी, की अख्खी इमारत पेंगतेय, कुठेतरी पंखा घरघरतोय... किल्ली घातली, फिरवतो, तर अंगठा म्हणतो, मी नाही! डाव्या हातानं उजवा धरला. किल्ली खाली. उचलली. पुन्हा खाली!

तेवढ्यात माझ्याकडेच यायला निघालेली ताई मागून जिना चढत आली, माझी थोरली बहीण. तिचेही हात वडिलांवरच गेलेले. "सरक, तुला जन्मात जमायचं नाही!" म्हणाली, आणि तिच्याही हातून टण्ण! मग तिनं किल्ली धरली, मी तिची मूठ धरली... चार हात लागले, कुलूप ढिम्म! हसून हसून पायरीवरच बसलो. हात आहेत हो, पण हातात नाहीत!

आणि बसलो तर काय सांगू, इतकं छान वाटलं... खिडकीतल्या उन्हात धूळ तरंगत होती, हळूहळू, कुठं जायची घाई नसल्यासारखी. ताईनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

"पोरीच्या हातून परवा पेला निसटला."

"पेले निसटतातच, ताई."

"तीनदा, रे."

मी पुन्हा धूळ बघत बसलो.

तर भाचीच आली शोधत. "अगं आई, इथं काय करताय दोघं?"

"आधी कुलूप उघड!"

तिनं किल्ली धरली... दोन्ही हातांनी. थेट आमच्या वडिलांसारखी. ताईनं माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे. हात आहेत, पण... जाऊ दे.

पोरीनं खटपट केली, थांबली, दारावरची पाटी वाचली.

"मामा, हे तुझं घरच नाही. तू वरच्या मजल्यावर राहतोस!"

आता बोला! निघालो तिघं वर, कठडा धरून... हातांचं खापर वडिलांवर फोडता येतं हो, डोक्याचं कोणावर फोडू?