नाव नसलेल्या दोन नळ्या

१९७९ साल होतं. रक्त तपासायला मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते. लॅबमधली शिकाऊ मुलगी बाहेर आली आणि माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या शिंप्यापुढे उभी राहिली.

“काका, पुन्हा रक्त द्यावं लागेल.”

“मघाचं काय केलंस? प्यालीस?”

“तुमच्या आणि त्या आतल्या बाईंच्या नळीवर नावं लिहायची राहिली. आता कुठली कुणाची, कळत नाही.”

“मग लिही की अंदाजानं. कोण बघतंय?”

“आणि चुकलं तर? त्यांचं औषध तुम्हाला सुरू होईल.”

“मोठ्या मॅडमना कळलं?”

“मीच सांगितलं. म्हणाल्या, दोघांची माफी माग, पुन्हा रक्त घे. नाही मिळालं तर उद्यापासून येऊ नकोस.”

“त्या बाईंनी दिलं?”

“दिलं. तुमचंच राहिलंय.”

“अगं, मला सुईची फार भीती वाटते.”

“शिंपी असून?”

“कापड ओरडत नाही, बाई! बरं, धर हात. थांब, आधी नाव लिही.”

मुलगी तिथंच कायम झाली आणि तिथूनच निवृत्त झाली. त्या बाईंचं रक्त ठणठणीत निघालं. साखर निघाली ती शिंपीकाकांना. पथ्यपाणी सांभाळून पुढची वीस वर्षं ते मशीन चालवत होते.