गिअरबॉक्स बसेपर्यंत

आम्ही मूळचे मुरुडचे. वडील बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवायचे, मी मोटारीत शिरलो, लातूरला उस्तादाच्या हाताखाली शिकलो अन् मग तिथंच सोताचं गॅरेज टाकलं. गॅरेज म्हंजे काय, चार पत्रे अन् एक लिंबाचं झाड. आई लवकर गेली, मला वाढवलं ते आपानं, माझ्या मोठ्या बहिणीनं. तिला किल्लारीकडच्या एका खेड्यात दिली होती. सणाला आली की माझ्या नखातलं ग्रीस बघून हसायची, म्हणायची, जब्बार, तुला कोण पोरगी देणार रे.

शिवाप्पा अण्णाची जुनी पिकअप दुरुस्तीला माझ्याकडंच असायची. गणपती बसले होते तवा अण्णा म्हणाला, गाडी नुसती बोंबलायली, चढाला वढत न्हाई. मी फाट्यापत्तुर चालवली, वास आला, प्लेट घासली हाय हे मला तिथंच कळलं. पण क्लचप्लेट बदलायची म्हंजे सगळा गिअरबॉक्स खाली उतरवा, अख्खा दिवस मोडतो, अन् गॅरेजात कामं लई. मी केबल थोडी सैल करून दिली, म्हणलं, अण्णा, विसर्जन होऊ द्या, तवर चालंल. हे मी म्हणलं, अण्णानं न्हाई. हे नीट लिवा.

अन् विसर्जन झालं अन् पहाटं भुई हालली. उजाडल्यावर कळलं, किल्लारीकडं काईच राह्यलं न्हाई. अण्णा अन् मी तीच गाडी घेऊन निघालो.

आपाचं घर न्हवतंच, नुसता दगडमातीचा ढीग. मेव्हणा त्यातच गेला. आपाला लोकांनी काढून झाडाखाली निजवलं होतं, माळवदाचं लाकूड कंबरंवर पडलेलं, पर बोलत होती, नीट बोलत होती. तिची पोरगी नूर तीन वर्षांची, तिला खरचटलं सुदीक न्हवतं. आपाला, नूरला अन् दुसरी दोन जखमी लेकरं गाडीत घेतली. औशाच्या अलीकडं चढ लागला, इंजिन वरडायलं, गाडी जागची हालंना, खालून धूर.

अण्णा एका जीपला लोंबकळून औशाला प्लेट आणाया गेला. मी दगड लावले अन् गाडीखाली शिरलो. तेवढ्यात एक ट्रक थांबला, गच्च भरलेला, ड्रायव्हर म्हणला दोघांचीच जागा हाय. मी म्हणलं आपा, तू जा. ती म्हणली, ह्या दोन जखमी लेकरांना न्या, माझा भाऊ गाडीखाली हाय, मी त्याच्यासंगं येते. कसा भरोसा बघा.

अण्णा प्लेट घेऊन आला. मी प्लेट बसवली, पर घाईत मधोमध बसली न्हाई, अन् मग गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्यात जाईचना. छातीवर गिअरबॉक्स घेऊन ढकलायलो, वरून आपा इचारायली, झालं का रे? मी म्हणलं, झालंच आपा. परत इचारलं, झालं का? झालंच आपा. मग पुन्हा सगळं काढलं, प्लेट सरळ केली, अन् ह्या वेळी खटकन बसला. मी वरडलो, आपा, बसला! वरून आवाज न्हाई. भाईर येऊन बघितलं तर नूर आईच्या तोंडावरच्या माशा हाकत होती, मला म्हणली, मामू, अम्मी झोपली.

गाडी मग काय पळाली म्हणता. एका झटक्यात चढ चढली.

अण्णानं मरेपत्तुर एक शब्द काढला न्हाई. बोलला असता, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नूरला मी वाढवलं, लगीन लावून मुखेडला दिलं. आता तिची पोरगी सना माझ्याकडं राहून डॉक्टरकीचा क्लास करायली. आमच्या गल्लीत समदे क्लास अन् होस्टेल, जूनमध्ये पोरांच्या पेट्या-गाद्या वाहून पिकअपवाल्यांच्या प्लेटी जळतात अन् ते माझ्याकडं येतात. मी आजची गाडी उद्यावर टाकत न्हाई. त्यानं काय व्हतंय? काईच न्हाई.

परवा सना पुस्तक घेऊन बसली होती. म्हणली, नाना, कंबर मोडली की आत रक्त जातं, वरून कळत न्हाई, अम्मीची अम्मी तासभर आधी दवाखान्यात पोचली असती तर वाचली असती बघा. मी हाव म्हणलं अन् उठून भाईर गेलो.

नूरला वाटतं गाडी नशिबानं बंद पडली. इतकी वर्सं मला सांगता आलं न्हाई. तुम्ही हे छापा. सना वाचंल, आईला वाचून दाखवंल. मग त्या मला मामू म्हणोत, नाना म्हणोत, न्हाईतर न म्हणोत. पोरीला अल्लानं डॉक्टर करावं, एवढंच मागतो. माझ्यासाठी मागावं असं काई न्हाई.