भाऊजींचं कपाट

...नाही, पण मला सांगा, दुकानात तयार पिंजरा मिळतो हे मला काय माहीत नव्हतं? बघून आलो होतो की मी! किंमत ऐकली आणि म्हटलं, बाबा रे, एवढ्या पैशात आम्ही नवरा-बायको त्या पिंजऱ्यात राहायला जाऊ आणि घर सरड्याला देऊ. सरडा म्हणजे सरडा नव्हे हो, इग्वाना. हातभर लांब, हिरवा, पाठीवर करवत. आणि मी माणूस कोण? काचा बसवणारा! तीस वर्षं लोकांच्या खिडक्या, शोकेस, दुकानांची दारं... मला कोण पिंजरा विकतोय? घरच्या घरी होतं हो!

तुम्हाला सांगतो, एका रिकाम्या फ्लॅटमध्ये फुटलेली खिडकी बदलायला गेलो होतो. भाडेकरू सामान घेऊन निघून गेलेला आणि बाथरूममध्ये, बादलीत, हा. शेपूट बाहेर, बाकीचा आत, बरगड्या मोजून घ्याव्यात. घरमालक नाकाला रुमाल लावून दारातूनच, "काचवाले, जाताजाता तेवढं कचऱ्यात टाका ना." तेवढं? जिवंत होतं हो ते, माझ्याकडे बघत होतं! काचा आणायच्या खोक्यात पेंढा असतो ना, त्यात घातला आणि आणला घरी.

बायकोने दार उघडलं. "मी पाल दिसली तर स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही, आणि तुम्ही पालीचा आजोबा घेऊन आलात?" दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी बघतो तर भोपळा किसून त्याच्यापुढे ठेवलाय. किसून! मला आयुष्यात कुणी काही किसून दिलं नाही. आणि म्हणते कशी, "अगदी तुमच्या धाकट्या भावासारखा आहे. खातो, बसतो, बघतो, उठून हातभार लावायचं नाव नाही." झालं. भाऊजी हे नाव पडलं ते पडलंच.

आता भाऊजींना राहायला जागा नको? तर बायकोने स्वतःचं कपाट रिकामं करून दिलं, कपडे गेले पलंगाखाली. मी लाकडी दारं काढली, काचेची बसवली, एका बोटाने सरकतील अशी. कुणाच्या तरी बागेतली छाटलेली फांदी आणली, धुतली, वाळवली, आडवी ठोकली. विकत घेतला तो फक्त दिवा. उन्हाचा दिवा म्हणतात त्याला, त्याच्या उजेडाने यांची हाडं मजबूत होतात. दुकानदार म्हणाला, "खाली जाळी लावा." जाळी? काचवाल्याच्या घरात जाळी? लोक काय म्हणतील! आणि जाळी तापली, याचं बोट अडकलं, तर? म्हणून मी दिव्याखाली काच घातली. जाड. चांगल्यातली. कडा घासून घासून गोल केल्या, भाऊजींच्या नखाला लागू नये म्हणून. म्हटलं, बघा, घरच्या घरी होतं हो!

आणि दिसायचं काय ते... वर फांदीवर भाऊजी, खाली खुर्ची टाकून बायको, आणि विषय मी. "असं वागतात, तसं वागतात, सांगितलेलं एक ऐकत नाहीत." आणि तो मान हलवायचा! ती जात मान हलवतेच हो, पण तिला कोण सांगणार? म्हणाली, "या घरात पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकून घेतंय."

मग भाऊजींचे पाय थरथरायला लागले. एके दिवशी फांदीवरून धपकन खाली. मग चढेचना. मग खाताना भोपळा तोंडातून गळायला लागला. आणि मी काय केलं असेल? दिव्याचे तास वाढवले. काच रोज पुसायला लागलो. दोन्ही बाजूंनी... उजेड आणखी पडावा म्हणून.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. त्यांनी त्याचा जबडा दाबून बघितला, तो रबरासारखा वाकला. "दिवा आहे?" म्हटलं, आहे की, बारा बारा तास. "मध्ये काही आहे?" म्हटलं, काच आहे, एक नंबरची. बाईंनी त्याचा जबडा अलगद सोडला. मग हळू आवाजात, "काका, हाडांना जे लागतं ना, ते काचेतून येत नाही." मी म्हटलं, बाई, उजेड तर येतो. "उजेड येतो हो. ते येत नाही."

तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगतोय, काच लावा, काही अडत नाही!

औषध दिलं. उघड्या उन्हात न्या म्हणाल्या, मध्ये काही नको. बायको डोक्यावर टॉवेल टाकून त्याला मांडीवर घेऊन गच्चीत बसायची. जी पालीला घाबरते, ती. अकरा दिवस. बाराव्या दिवशी मी वर गेलो तर तिचं बोलणं चालूच, माझ्याचबद्दल, आणि भाऊजींची मान काही हलत नव्हती. मला दिसलं. तिला नव्हतं कळलं. मी तिचं बोलणं संपेपर्यंत उभा राहिलो.

पुरलंसुद्धा मागच्या भिंतीपाशी. घरच्या घरी.

ती मला एका शब्दाने बोलली नाही हो. बोलायला हवं होतं. एरवी टॉवेल ओला टाकला तरी तासभर बोलते. रिकामी खुर्ची कपाटासमोरून उचलून ठेवली, बस्स. फार वाईट वाटतं, तुम्हाला सांगतो. बादलीत होता तरी जगला होता तो. माझ्याकडे येऊन गेला.

शेवटी कपाट विकून टाकायचं ठरलं. काल एक गृहस्थ बघायला आले, त्यांना शोभेच्या वस्तू ठेवायला हवं होतं. दार एका बोटाने सरकवून बघितलं. दिव्याखालच्या काचेच्या कडेवरून अंगठा फिरवला. "वा," म्हणाले, "काय काम आहे! असा कारागीर आजकाल मिळत नाही. कुणी केलंय हो?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

म्हटलं, "मीच केलं."