नव्या फिल्टरचा दम

खरं सांगू का, तीस वर्षं कॉलेजात इंजिन शिकवलं, पण बॉनेट उघडायची मला अजूनही धास्ती वाटते. आमच्या जिंतूरच्या जावयाला हे माहीत नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली तरी "मामा, जेवलात का?" यापुढं तो माझ्याशी बोलायचा नाही. परवा मात्र जीपसाठी बाजारातून भारी एअर फिल्टर आणला आणि म्हणाला, "मामा, तुमीच सांगा, यानं फरक पडतो का?"

कंपनीचा फिल्टर पुरेसा असतो, असं मला वाटत होतं. पण चुकलो तर हा पुन्हा काही विचारणार नाही, या भीतीनं म्हणालो, "बसवून बघू."

जीप गॅरेजात सोडून आम्ही चहा पिऊन आलो, तोवर गफूर मिस्त्रींनी बॉनेट लावलंही होतं. "चालवून बघा," म्हणाले. गावाबाहेर चक्कर मारली, तर जीप खरोखरच पळत होती.

"लय दम आलाय की, मामा."

मग मलाही राहवलं नाही. जास्त हवा, पूर्ण ज्वलन, असं परत येईपर्यंत समजावत राहिलो.

मिस्त्री डबा घेऊनच उभे होते. "सर, नवा तर हितंच हाय. जुन्यात सोयाबीनचा भुसा भरला होता, तेवढा झटकला. म्हटलं, आधी तसंच बघा."

जावयानं गंभीर चेहऱ्यानं तो बंद डबा माझ्या मांडीवर ठेवला.

"मामा, फोडू नका. तुमी असंच घेऊन बसत जा, गाडीला दम येतो."

त्यानं माझी थट्टा केली ती ही पहिलीच. मग तो मला परभणीला घरी सोडायला निघाला, तर परभणी येईपर्यंत मी हसत होतो.