जातं कोठ्यात गेलं

गावोगावी इंजिनाची गिरणी नुकतीच येऊ लागली होती, तेव्हाची गोष्ट. चिखलीच्या दवाखान्याच्या ओट्यावर आशाबाई आपला नंबर यायची वाट पाहत होती. तिच्या शेजारी बसलेली म्हातारी घडीघडी उठून येरझारा घालायची आणि तिची सून तिला हाताला धरून खाली बसवायची.

"आत्याबाई, बसा ना! गुडघ्याच्या औषधाले आलो आपण."

"बसून बसूनच आखडले होते ते, कौसल्ये. गिरणी आली आन् तू माह्यं जातं कोठ्यात टाकलं."

"मंग काय सासूले दळाले लावू? लोकं थुंकतीन माह्या तोंडावर."

"विटाळ बंद झाल्यापासून रातभर अंगातून वाफा निघत. पण दळलं का पडल्या पडल्या डोळा लागे. जातं गेलं, झोपही गेली. आता बरं हाय, चाल घरी."

"आता कशानं बरं झालं?"

"गल्लीतल्या सुगराबीसंगं तिच्या जात्यावर बसतो ना मी रोज."

"अवो माय! आन् मले सांगता, देवळात जातो म्हणून! लोकं म्हणत असतीन, सून खायाले देत नाही, म्हणून म्हातारी दुसऱ्याचं दळते."

"म्हणतात खरं."

कौसल्या पदराचं टोक चावत राहिली. आतून म्हातारीच्या नावाची हाक आली, तरी ती उठेना.

"त्यापरीस घरीच दळा. पण दार लावून. कोणाले समजलं नाही पाहिजे."

म्हातारी कुठंच हात न टेकता उभी राहिली.

"दार लावतो बाई. पण ओवी काही मले हळू म्हणता येत नाही."