तात्यांचे त्रेसष्ट दगड

अध्यक्षसाहेब, स्टेजवरची सन्माननीय मंडळी, आणि खाली सतरंजीवर बसलेल्या माझ्या चाळकऱ्यांनो,

मला बोलायला उभं केलंत. दुःख आहेच, पण नुसतं दुःख नाही, रागही आहे. तो आधीच सांगून टाकतो.

मी चौथी शिकलेला ट्रॅमचा कंडक्टर. भाषण मला येत नाही. पण चूक ऐकून गप्पही बसता येत नाही. आत्ताच्या वक्त्यांनी तात्या मेस्त्रींना गवंडी म्हटलं. दोनदा. तात्या पाथरवट होते. गवंडी दगड बसवतो, पाथरवट तो घडवतो. ज्याच्या फोटोला हार घातलात, त्याचा धंदा तरी विचारून यायचं होतं!

आणि आपल्या नाक्यावरच्या पाणपोईला तुम्ही कारंजं म्हणालात. कारंजं? वर माणसांसाठी तोट्या, खाली जनावरांसाठी काळ्या दगडाचा हौद. ट्रॅम घोड्यांची होती तेव्हा तिथे घोडे प्यायले. नंतर कॉटन ग्रीनला कापसाच्या गाठी नेणारे बैल. वरची कमान तात्यांच्या वडिलांनी घडवलेली.

गोदीकडे जाणाऱ्या ट्रकांना वळण अडतं म्हणून पाणपोई काढायचं ठरलं, तेव्हा वस्तीतर्फे मान कोणी डोलावली? अध्यक्षसाहेब, तुम्ही. म्हणालात, ‘‘इंग्रजांची खूण ती, जाऊ दे.’’ तात्या म्हणाले, ‘‘दगड मालाडचो, हात माझ्या बापाशीचे. ह्येच्यात इंग्रजाचा काय आसा?’’ तेव्हा तुम्ही शब्द दिलात, मैदानात पुन्हा उभी करू.

तात्यांनी तो शब्द खरा मानला. एकेक दगड स्वतः उतरवून घेतला. कुठला दगड कुठे बसायचा ते कळावं म्हणून आकडे मी घातले. मी गेरू आणला तर ओरडले, ‘‘गेरू पावसात जाता, कंडक्टर! डांबर घेवन ये!’’ एक ते त्रेसष्ट. चाळीच्या अंगणात रचले. आणि तात्या रोज संध्याकाळी मोजायला बसले.

सुमनवहिनींना आठवत असेल. त्यांनी एक दगड कपडे धुवायला नेला होता. तात्या दारात उभे. ‘‘वयनी, माझो सतरा नंबर देवा. तेच्याशिवाय कमान बसाची नाय.’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘घ्या तुमचा सतरा! चांगला घासूनपुसून दिलाय, आता लग्न लावा त्याचं!’’ हसताय, वहिनी? हसा. तात्याही हसले होते.

पण अध्यक्षसाहेब, तुमच्याकडे ते चपला झिजवत आले, तेव्हा कोणी हसलं नाही. तुमचं एकच. ‘‘मेस्त्री, आधी महाराष्ट्र राज्य मिळू द्या, मग दगडांचं बघू.’’ राज्य काय तात्यांना नको होतं? मोर्चात ते तुमच्या पुढे होते. तुम्ही फोटोत पुढे होता. मुंबई आमची, म्हणून आपण घसा फोडतो. फोडायलाच हवा. पण आमच्या मुंबईतली एक पाणपोई आम्हाला सांभाळता येत नाही?

आणि आज काय केलंत? पाहुणे येणार, स्टेज पाहिजे. मग तेच दगड मांडले, वर फळ्या टाकल्या. बावन्न स्टेजखाली. नऊ पायरीला. दोन पाण्याच्या पिंपाखाली. मी मोजलेत. आणि बरं दिसावं म्हणून चुना मारलात. आकड्यांवर! ज्याने हे दगड मरेपर्यंत जपले, त्याच्या शोकसभेत त्याच्याच दगडांवर खुर्च्या टाकून बसलात, आणि वर म्हणता, मेस्त्रींच्या नावाची संगमरवरी पाटी लावू. कशाला लावणार? पाणपोई कुठे आहे?

मीही त्याच दगडांवर उभा राहून बोलतोय. हा बघा, उतरलो.

आता ऐका. चुना अजून ओला आहे. खाली डांबर आहे. तात्यांनी गेरू का नाकारला, ते मला आज कळलं. पाऊस त्यांना माहीत होता, आणि तुम्हीही.

श्रद्धांजलीला आपण दोन मिनिटं उभे राहू. पण जमिनीवर. स्टेज रिकामं होईपर्यंत मी थांबतो. डोळे मिटू नका, दगडांकडे बघा. नळाशी दोन बादल्या भरून ठेवल्यात, गोणपाटाचे तुकडे आहेत. मिनिटं संपली की एक नंबरपासून धुवायला घेऊ. आणि रविवारी मैदानात पहिला थर लावू. शब्द त्यांनी दिला होता, पाळू आपण.

वहिनी, सतरा तुमचा.

तात्या, नमस्कार.

उठा, अध्यक्षसाहेब. पहिला नंबर तुमच्या खुर्चीखाली आहे.